कारण विचारले जाणार नाही

नियम चौदावा मी लिहिला. समितीत आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांच्या सह्या त्याखाली आहेत. तरी त्याचा शब्द न् शब्द माझा, आणि तो मंजूर व्हावा म्हणून केलेला युक्तिवादही माझाच. हे आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते 'आपोआप घडले' असे आमच्या गावात सांगितले जाते, आणि आपोआप काही घडते यावर माझा विश्वास नाही.

सेलूत सोळा कुटुंबे अशी होती, की ज्यांची नावे सरकारी घरकुलाच्या यादीत वर्षानुवर्षे होती. पण घर बांधायला स्वतःची जागा नसल्यामुळे ती केवळ यादीतच राहत होती. गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे, एका अपत्यहीन वृद्ध दांपत्याने आपली दीड एकर जमीन या कामासाठी लिहून दिली. तिच्यावर घरे उभी करण्यासाठी आमची समिती झाली. मानधन कोणालाच नव्हते. अध्यक्ष बन्सीधर हा मूळचा बोरीचा. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेला, आणि आता शेती मुलांवर सोपवून सेलूत राहणारा. चिटणीस मी, एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेला. तिसरी राजेश्री, ती माझी विद्यार्थिनी आणि आता स्वतः शिक्षिका. उरलेले दोघे सह्यांपुरते होते, आणि सह्यांपुरती माणसेही समितीला लागतात.

बन्सीधरने पहिल्याच बैठकीत एक अट घातली. ती मला आजही सुंदर वाटते. सोळाही घरे पूर्ण होईपर्यंत कोणते घर कोणाचे हे ठरवायचे नाही; शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या.

"आपलं आपलं बांधायला लावलं ना पंत," तो म्हणाला, "की माणूस आपल्या भितीला दोनदा पाणी मारतंय आन् शेजाऱ्याची भित वाळू देतंय. मी लय बघितलंय. कोणतं आपलं हेच ठाव नसलं, की सोळा बी आपलीच."

कार्तिकात पाया खणला आणि चैत्रात छते घातली. या पाच महिन्यांत मी जे पाहिले ते खोटे होते असे मला अजूनही म्हणता येत नाही. प्रत्येक कुटुंबातली दोन माणसे ठरलेल्या दिवशी येत, विटा वाहत, वाळू चाळत, आणि कोणाच्या नशिबी जाणार हे ठाऊक नसलेल्या भिंतीला दोन्ही वेळा पाणी मारत. भिंतीचा सरळपणा पाहण्याचे काम बुद्धभूषणकडे आले. तो हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असे. गवंडीकाम तो बन्सीधरच्या हाताखाली इथेच शिकला, पण ओळंबा हातात धरला की बन्सीधरही त्याच्या शब्दाबाहेर जात नसे. बोटभर वाकलेली भिंत त्याने दोनदा उतरवायला लावली होती.

पाणी मारण्याच्या कामावर त्याची बायको सविता आणि कमलबाई या दोघींची जोडी जमली होती. कमलबाई ही विधवा. महारुद्र या आपल्या दिराच्या आश्रयाने राहत होती. सविता नळी धरी, कमलबाई पिंपाकडे पाही. दुपारी त्या एकाच सावलीला बसत. सविताच्या हातचा ठेचा कमलबाईला इतका आवडे, की ती घरून भाकरी कोरडीच आणू लागली होती.

"बुद्धभूषण," कमलबाई एकदा खालून ओरडली, "त्या ओळंब्याकडं एवढं बघायलास, तेवढं बायकोकडं बघ की जरा."

"तिच्यात वाकडं काहीच न्हाई मावशी," तो खाली न पाहताच म्हणाला, "बघायचं काय?"

माघात आम्ही नियमावली पक्की करायला बसलो. तेरा नियम सहज मंजूर झाले. चौदावा मी वाचून दाखवला : 'चिठ्ठ्या निघाल्यापासून आठ दिवसांच्या आत कोणत्याही दोन कुटुंबांना परस्परसंमतीने घरांची अदलाबदल करता येईल. संमती लेखी असावी. समितीकडून कारण विचारले जाणार नाही.'

राजेश्रीने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. "सर, कारण तर विचारायला पाहिजे."

मी तिला जे उत्तर दिले ते तेव्हा मला अभेद्य वाटले होते. गरीब माणसाला आयुष्यभर प्रत्येक दारात कारण विचारले जाते. शिधापत्रिका का फाटली, दाखला का हवा, मूल शाळेत का आले नाही. सुखवस्तू माणूस घर बदलतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. म्हाताऱ्याला मुलीजवळ राहायचे असेल, बहिणीला बहिणीजवळ. ते त्यांनी आमच्यासमोर का उलगडावे? निदान एका समितीने तरी गरिबाला स्वतःच्या मर्जीचा मालक मानावे.

"पण सर, सांगायची लाज वाटावी असंच कारण असलं तर?"

"तर ते न विचारणे हाच सभ्यपणा."

"मी मागणाऱ्याच्या लाजेबद्दल बोलत नाही. समोरच्याला सही करावी लागते त्याच्याबद्दल—"

"सही करावी लागत नाही, राजेश्री. तो करतो. संमती या शब्दाचा दुसरा अर्थ नाही."

ती गप्प झाली. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला समोरच्याचे गप्प होणे म्हणजे पटणे वाटते. मलाही तसेच वाटले. बन्सीधर तंबाखू मळत म्हणाला, "पंतानं लिव्हलंय म्हणल्यावर ठीकच असंल," आणि नियम मंजूर झाला.

चैत्री पौर्णिमा झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढायची, असे राजेश्रीने ठरवले होते, कारण घरे नवरा-बायको दोघांच्या नावावर होणार होती. माल कालवण्याचे एक घमेले स्वच्छ धुऊन त्यात सोळा चिठ्ठ्या टाकल्या. घरांच्या रांगा दोन, मध्ये रस्ता. एकीत एक ते आठ, दुसरीत नऊ ते सोळा. रस्ता गावाकडून सुरू होऊन ओढ्यापाशी संपत होता. वसाहतीचा एकुलता एक नळ बोअरच्या शेजारी होता आणि बोअर दोन क्रमांकाच्या घरापुढे.

सविताने दोन क्रमांक काढला. आजवर ती भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती आणि पाणी तीन गल्ल्या ओलांडून आणत होती. चिठ्ठी उघडून तिने आधी नळाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. महारुद्रला तीन क्रमांक आला. कमलबाईला पंधरा, म्हणजे ओढ्याकडचे.

"घ्या," कमलबाई हसत म्हणाली, "सविताला नळ आन् मला बेडकं."

त्या दिवशी सगळे हसले. पेढे वाटले गेले आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या हातून घेतले, हेही मी पाहिले आहे.

तिसऱ्या दिवशी अदलाबदलीचा पहिला अर्ज आला. दहा क्रमांकाचे घर सोळा क्रमांकाशी. पाचव्या दिवशी आणखी दोन आले : पाच क्रमांक सातशी, बारा क्रमांक आठशी. तिन्ही अर्ज रीतसर होते; दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, साक्षीदार. मला नोंदी नेटक्या ठेवण्याची सवय आहे. मी वसाहतीचा नकाशा काढून त्यावर नव्याने नावे लिहिली, आणि लिहून झाल्यावर पेन खाली ठेवले.

सोळा कुटुंबांत चार बौद्ध होती. त्यांपैकी तिघे आता रस्त्याच्या शेवटी, ओढ्याला लागून होते. चौथे बुद्धभूषणचे. ओढ्याकडच्या चार घरांपैकी एकच उरले होते, कमलबाईचे पंधरा.

राजेश्री त्याच संध्याकाळी घरी आली. नकाशा टेबलावरच होता. तिने तो पाहिला आणि बसली नाही.

"तिघांच्याही घरी जाऊन आले मी. म्हणतात, आपल्याआपल्यात बरं. हे कोणी सुचवलं विचारलं तर हसतात."

"म्हणजे त्यांची तक्रार नाही."

"सर, तुम्ही हे मला सांगताय की स्वतःला?"

मी तिला सांगितले की अर्ज नियमानुसार आहेत. ती दारातच म्हणाली, "नियमानुसार आहेत, हीच तर तक्रार आहे."

बन्सीधरला मी दुसऱ्या दिवशी गाठले. तो तीन नंबरच्या घराच्या ओट्यावर बसून कोपऱ्याला गिलावा देत होता. मी विचारले, हे तुला ठाऊक होते का?

"ठाव कामून नसंल? मी बी खेड्यातच जलमलोय." त्याने थापी झटकली. "पंत, काम करताना माणूस एक असतंय, राहायला येगळं असतंय. पाच महिने एका पिंपातलं पाणी पेले, ते काय थोडं हाय? तेवढं तर झालं ना. आता भांडण नका लावू. अखितीला किल्ल्या द्यायच्यात."

"महारुद्र फिरतो आहे ना घरोघर?" कानावर आले होते ते मी विचारले.

"फिरायलाय. पण लय नरमाईनं. कोणाला वाकडा शबूद न्हाई." मग जरा थांबून, "बाया म्हणायल्यात, रोज पाण्याला त्यांच्या दारात जायाचं का. म्हणजे, त्यांनाच तरास, असं म्हणायल्यात."

त्या बाया पाच महिने सविताने धरलेल्या नळीचे पाणी पीत होत्या. मी हे बोलून दाखवले. बन्सीधर म्हणाला, "तेव्हा नळी समितीची होती की," आणि पुन्हा कोपऱ्याकडे वळला. तो हे उपरोधाने म्हणाला नाही. त्याला तो फरक खरोखर दिसत होता.

आठव्या दिवशी, मुदत संपायला काही तास असताना, दुपारी बुद्धभूषण आणि सविता माझ्या घरी आले. त्याच्या हातात अर्ज होता. कमलबाईची सही झालेली होती. खालच्या दोन जागा रिकाम्या होत्या. मी खुर्च्या दिल्या. तो बसला, सविता खांबाला टेकून उभी राहिली.

"सर," तो म्हणाला, "अर्जावर कारणाचा रकाना न्हाई."

"नाही. तशी तरतूद नाही."

"तुमी विचारा. तोंडी विचारा. मी सांगतो, तुमी लिव्हून घ्या. मग समितीनं ते कारण वाचावं आन् त्याच्याखाली मंजूर म्हणून लिव्हावं. लिव्हलं तर मी घर सोडतो. एका शब्दानं बोलणार न्हाई."

त्याला काय हवे होते हे मला पहिल्या वाक्यालाच कळले होते. कारण कागदावर आले असते तर त्याच्याखाली 'मंजूर' लिहिणारा हात आमच्यापैकी कोणाचाही निघाला नसता. पहिले तीन अर्जही मग उघडावे लागले असते. सोळा घरांचा नकाशा चिठ्ठ्यांनी काढला तसाच राहिला असता. महारुद्र आणि त्याच्यासारखे चारसहा जण कदाचित किल्ल्या घ्यायला आले नसते, कदाचित कुरकुरत आलेही असते. हे सारे एका प्रश्नावर अडले होते, आणि तो प्रश्न मी विचारायचा होता.

"नियमात कारण विचारले जाणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे," मी म्हणालो.

"नियम तुमीच लिव्हलाय ना?"

"म्हणूनच तो मला मोडता येत नाही. आज तुमच्यासाठी मोडला, तर उद्या कोणासाठीही मोडावा लागेल. शिवाय त्याची गरजच काय? तुम्ही सही करू नका. तुमच्या संमतीशिवाय तुमचे घर कोणी घेऊ शकत नाही. नियम तुमच्या बाजूचा आहे."

"घर राहील, सर. तिथं राहणं राहील का?" तो शांतपणे म्हणाला. "परवा सविता तिथल्या नळावर गेली. कमलमावशीची कळशी भरायलीती. हिला बघून तिनं अर्धी भरलेली कळशी उचलली. बोलली काहीच न्हाई. पाच महिने जिच्या..." त्याने वाक्य सोडून दिले. "मला शिव्या दिल्या असत्या तर तक्रार लिव्हता आली असती. गप्प राहण्याची तक्रार कुठं करायची? म्हणून म्हणालो, तुमी विचारा. एकदाच."

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यात मी काय तोलत होतो ते प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात अक्षय तृतीयेचा मुहूर्त होता, बन्सीधरची विनवणी होती. पण सर्वांत जड होता राजेश्रीचा तो अर्धवट राहिलेला प्रश्न. विचारले असते तर ती बरोबर आणि मी चूक, हे माझ्याच अक्षरात नोंदले गेले असते. एका माणसाचे घर आणि एका म्हाताऱ्याचा वादातला विजय, अशी ती तुलना होती. मला ती तेव्हाही कळत होती.

"तरतूद नाही," मी पुन्हा म्हणालो.

"द्या इकडं," सविता म्हणाली. तिने नवऱ्याच्या हातातून अर्ज घेतला, माझ्याच टेबलावरचे पेन उचलले आणि आपल्या नावापुढे सही केली. "मला सकाळ-संध्याकाळ त्यांची तोंडं बघत पाणी न्हाई भरायचं. ओढ्याकडं तर ओढ्याकडं. चला."

बुद्धभूषणने तिच्या सहीकडे बराच वेळ पाहिले आणि मग स्वतःची केली. मी तारीख घातली आणि 'मंजूर' असे लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले.

अक्षय तृतीयेला किल्ल्या वाटल्या. राजेश्री आली नाही. तिचे पत्र आले. त्यात एवढेच होते : 'मी समितीचा राजीनामा देत आहे. कारण विचारले जाणार नाही असे गृहीत धरते.' मी ते समितीच्या फायलीत लावून ठेवले.

महारुद्रने पावसाळ्यापूर्वी एक काम केले. रस्त्याच्या कडेने खणून त्याने ओढ्याकडच्या चार घरांसाठी वेगळा नळ काढून दिला. पाइप त्याने आणला, चरही त्यानेच खणला, कोणाची मदत मागितली नाही. वसाहतीत कोणी एकट्याने, न सांगता केलेले ते पहिले काम. गावात त्याचे कौतुक झाले. नळ आल्यापासून ओढ्याकडच्या बायकांना वर येण्याचे कारण उरले नाही.

दिवाळीच्या सुमारास मानवतचे काही लोक मला भेटायला आले. तिकडेही असेच काम सुरू व्हायचे होते आणि आमची नियमावली त्यांना नमुना म्हणून हवी होती. "तुमच्या वसाहतीत एक तंटा न्हाई म्हणे," त्यांतला एक वयस्कर गृहस्थ म्हणाला. नियम वाचत तो चौदाव्यापाशी आला, पुन्हा एकदा वाचला आणि मान डोलावली. "हे लय इचार करून लिव्हलंय. हे असंच ठिवू." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. वाचताक्षणी त्याला नियमाचा उपयोग समजला होता. मला समजायला आठ दिवस लागले होते.

मी त्यांना म्हटले, चार दिवस थांबा, त्यात दुरुस्ती करायची आहे. शेवटचे वाक्य खोडून मी लिहिले : 'दोन्ही कुटुंबांनी अदलाबदलीचे कारण स्वतंत्रपणे लिहून द्यावे, समिती ते जाहीर वाचून निर्णय देईल.' मग मला वाटले, दुरुस्ती का झाली हेही मानवतच्या लोकांना कळायला हवे, आणि ते ज्याच्यावर बेतले त्याच्याच शब्दांत कळायला हवे. कागद घेऊन मी पंधरा क्रमांकाच्या घरी गेलो.

बुद्धभूषण दाराच्या चौकटीला रंग देत होता. घरापुढे त्याने विटांचा लहानसा ओटा बांधला होता, काटेकोर सरळ. सविताने पाणी आणले. मी दुरुस्ती वाचून दाखवली आणि म्हणालो, "त्या दिवशी जे सांगायचे होते ते आता लिहून द्या. मी ते नियमावलीला जोडून मानवतला पाठवतो."

"आता विचारायलात होय, सर?"

"उशीर झाला, मान्य आहे."

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "त्या दिवशी लिव्हलं असतं. तेव्हा दोन नंबर माझं होतं, त्याच्यासाठी लिव्हलं असतं. आता हे माझं हाय. ही चौकट मी रंगवायलोय. आता मी तुमच्या कागदावर लिव्हू, की मला इथं ढकललं? म्हणजे हे घर ढकललेल्या माणसाचं. मानवतपर्यंत लोक वाचणार. पोरं मोठी झाल्यावर वाचणार." त्याने मान हलवली. "न्हाई सर. ह्या घराला मी तसं म्हणू देणार न्हाई. तुमालाबी न्हाई."

"पण दुरुस्ती बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय. तुमचं मराठी कधी चुकलंय का?" तो ब्रश उचलत म्हणाला. "पाठवा की. मानवतवाले खोडतील बघा ते, आन् पहिलंच ठिवतील."

सविता उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत गेली.

मी रस्त्याने परत निघालो. दोन्ही बाजूंची घरे सारखी होती; कोणतीही भिंत कुठेच वाकलेली नव्हती. दोन क्रमांकापुढे नळावर चार बायका होत्या. कमलबाईने मला पाहून पदर सावरला, ओट्यावर सतरंजी टाकली आणि चहा घेतल्याशिवाय जायचे नाही म्हणाली. मी बसलो. चहा चांगला होता. कप परत घेताना तिने आवाज उतरवला.

"खाली गेला होतात ना, सर? सविता बरी हाय का?"

रस्ता सरळ होता आणि ओट्यावरून पंधरा क्रमांकाचे दार स्पष्ट दिसत होते. "बरी आहे," मी म्हणालो.